मोटर गरम, स्पर वितळला, डिफ तुटला: नाशिकच्या एका मॉन्स्टर ट्रकचं प्रकरण

रिमोटवर चालणारी गाडी, १:१० मापाची, चारही चाकांना ताकद जाणारी, दुकानातून तयार घेतलेली. मालक सातपूरचा, पॉलिटेक्निकला शिकणारा. तक्रार अशी: ब्रशलेस मोटर बसवल्यापासून गाडी सहा मिनिटांच्या वर चालत नाही आणि दर वेळी काहीतरी नवंच तुटतं. आधी बॅटरीचा कनेक्टर वितळला. मग प्लॅस्टिकचा स्पर गिअर गेला, म्हणजे मोटरवरच्या छोट्या पिनियनने फिरणारा मोठा गिअर. स्पर लोखंडी केला तर मागच्या डिफचा (डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) मोठा गिअर दात टाकून बसला. डिफमध्ये धातूचे गिअर घातले तर मागच्या उजव्या चाकाचा ॲक्सल वाकला. आता संशय मोटरवर होता आणि मालक त्याहून मोठी मोटर मागवायच्या बेतात होता.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. तुटलेला प्रत्येक भाग मजबूत करत गेलं की तोड थांबत नाही, पुढच्या कमजोर जागी सरकते. या गाडीत ती कनेक्टरपासून चाकापर्यंत क्रमाने सरकत गेलेली दिसते. म्हणून आधी सुटे भाग न मागवता दात मोजले, टायर मोजले आणि वजन केलं.

गाडीत काय काय बदललं होतं

मूळ गाडीत ५५० मापाची ब्रश मोटर, २ सेलची बॅटरी, १५ दातांचा पिनियन, ४४ दातांचा स्पर आणि ११५ मिमी व्यासाचे टायर होते. दोन्ही डिफमध्ये १३ आणि ३७ दातांची जोडी. वजन बॅटरीसह २.३५ किलो.

नंतर ३६५० मापाची, ३९०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३९०० फेरे) सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर आणि ६० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, आला. पिनियन १७ दातांचा, बॅटरी ३ सेलची ५००० एमएएच. टायर १:८ मापाच्या ट्रकचे, १४६ मिमी व्यासाचे. ते बसावेत म्हणून १२ मिमीच्या षटकोनी हबवर १७ मिमीचे ॲडॉप्टर लावले होते. शिवाय चाकं धरणारे सस्पेन्शनचे आर्म ॲल्युमिनियमचे. वजन ३.१३ किलो भरलं. वाढलेल्या ७८० ग्रॅमपैकी ४८० ग्रॅम एकट्या टायर-रिमचे, म्हणजे फिरणारं आणि स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन. तिथली भर सगळ्यात महाग पडते, कारण प्रत्येक पिकअपला मोटरला ते वजन पुढेही ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं.

आकडेमोड

इथे एकच आकडा कामाचा आहे: मोटर एकदा फिरली की गाडी किती मिलिमीटर पुढे जाते. टायरचा घेर भागिले एकूण गिअर रेशो, एवढंच.

मूळ रेशो: ४४ भागिले १५ म्हणजे २.९३, त्याला डिफच्या २.८५ ने गुणलं की ८.३५. टायरचा घेर ३६१ मिमी. म्हणजे मोटरच्या एका फेऱ्याला ४३.३ मिमी.

बदलानंतर: ४४ भागिले १७ म्हणजे २.५९, गुणिले २.८५, एकूण ७.३७. टायरचा घेर ४५९ मिमी. एका फेऱ्याला ६२.३ मिमी.

पिनियनचे दोनच दात वाढले असं मालकाला वाटत होतं. प्रत्यक्षात टायर आणि पिनियन मिळून गिअरिंग ४४ टक्क्यांनी लांब झालं होतं. जमिनीवर तेवढाच जोर लावायचा तर मोटरला ४४ टक्के जास्त टॉर्क द्यावा लागतो, म्हणजे साधारण तेवढाच जास्त करंट ओढावा लागतो. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १.४४ चा वर्ग २.०७. हीच मोटर मूळ चाकांवर आणि मूळ पिनियनवर असती तर जेवढी तापली असती, त्याच्या दुप्पट उष्णता इथे तयार होत होती. वाढलेलं वजन यात अजून धरलेलंच नाही.

दुसऱ्या बाजूनेही तपासता येतं. ३ सेल म्हणजे ११.१ व्होल्ट, गुणिले ३९०० केव्ही, म्हणजे मिनिटाला ४३,२९० फेरे. गुणिले ६२.३ मिमी. कागदावरचा वेग ताशी १६२ किमी निघतो. मुरमाच्या मैदानावर तीन किलोचा ट्रक त्या वेगाच्या जवळपासही जाणार नाही. म्हणजे मोटर कायम आपल्या फेऱ्यांच्या खालच्या टप्प्यात अडकून पडते, आणि तिथे ती करंट खूप घेते पण काम कमी करते. निघताना गाडी अडखळत होती, तेही यातूनच. सेन्सर नसलेल्या मोटरवर भार जास्त पडला की ईएससीला रोटर नेमका कुठे आहे ते सुरुवातीला कळत नाही. मालक ते ईएससीचं दुखणं समजत होता.

तपासणी

पहिलं काम तापमान. इन्फ्रारेड थर्मामीटर मोटरच्या चकचकीत कॅनवर (बाहेरच्या धातूच्या डब्यावर) रोखला तर ७१ अंश दाखवत होता. हा आकडा खोटा. चकचकीत धातू स्वतःची उष्णता किरणांनी फार कमी सोडतो, त्यामुळे यंत्र कमी वाचतं. कॅनवर काळ्या इन्सुलेशन टेपचा दीड सेंटिमीटरचा तुकडा चिकटवून त्याच जागी मोजलं तेव्हा १०४ अंश निघाले. मैदानावर ‘मोटर सत्तरच दाखवते’ असं ऐकू आलं की आधी टेप मागावा. दुसरं पथ्य, गाडी थांबवल्यावर लगेच एकदा आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वाइंडिंगची उष्णता कॅनपर्यंत यायला वेळ लागतो आणि थांबल्यावर आकडा चढतो. कॅनवर ८०-८५ अंश ही थांबायची वेळ.

एवढं तापल्यावर चुंबक कमजोर झाले का, हे पाहणं भाग होतं. कमजोर चुंबकाची मोटर विनाभार जास्त वेगाने फिरते आणि विनाभार करंटही जास्त घेते. त्यामुळे ‘मोटर अजून पळतेय की’ हा पुरावा होत नाही. पिनियन सोडवून, बॅटरीच्या वायरमध्ये वॉटमीटर लावून, त्याच मॉडेलच्या नव्या मोटरशी तुलना केली. फरक नगण्य निघाला, मोटर वाचली होती. तोच वॉटमीटर लावून गाडी जमिनीवर उभ्या जागेवरून पळवली तर झटका ८० अँपिअरच्या पुढे जात होता, आणि ईएससी ६० चा.

मग पिनियन मागे सरकवून गाडी टेबलावर बोटाने ढकलली. ही चाचणी फुकटची आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाते. गाडी हलक्या धक्क्याने हातभर तरी जायला हवी, ही वीतभर जाऊन थांबली. चारही चाकं एकेक फिरवल्यावर मागचं उजवं जड लागलं. हब सोडवला तर षटकोनाच्या मागे प्लॅस्टिकची सुतळी गुंडाळलेली. द्राक्षबागेच्या कडेला गाडी चालवली की वेलीच्या काड्या बांधायची ही सुतळी जमिनीवर पडलेली असतेच. ती ॲक्सलवर गुंडाळते, बेअरिंगचं सील कापते, आणि त्या फटीतून काळी माती आत जाते. ॲक्सल वाकण्यामागे जसे बाहेर सरकलेले टायर होते तसं हे जाम झालेलं बेअरिंगही होतं.

वितळलेला जुना स्पर मालकाने ठेवला होता, ते बरं झालं. तुटलेला गिअर फेकू नये, तो बोलतो. दातांची फक्त टोकं गोल झाली असतील तर मेश (दोन गिअरच्या दातांची पकड) सैल होता किंवा मोटरचे स्क्रू ढिले पडले होते. एकाच जागचे तीन-चार दात साफ गेले असतील तर मध्ये खडा अडकला. दात पूर्ण उंचीचे पण चकचकीत, पसरलेले आणि मऊ झालेले असतील तर उष्णता किंवा अति घट्ट मेश. इथे तिसरा प्रकार होता. शंभर अंशांच्या मोटरची उष्णता शाफ्टमधून पिनियनमध्ये आणि तिथून नायलॉनच्या दातात उतरली होती.

या सगळ्यात खरा घात केला तो स्लिपर क्लचने, म्हणजे त्याचा नट पूर्ण आवळून टाकल्याने. ताकद वाढल्यावर स्लिपर घसरून ‘चर्रर्र’ आवाज करू लागला म्हणून मालकाने तो बंदच केला. स्लिपरचं काम घसरणं हेच आहे. उडी मारून गाडी फिरत्या चाकांनी जमिनीवर आपटते तेव्हा चाकं क्षणात मंदावतात आणि मोटर फिरतच राहते. तो झटका स्लिपरमध्ये नाही जिरला तर डिफच्या दातांवर जातो. प्लॅस्टिकचा स्पर निदान स्वतः तुटून डिफ वाचवत होता. लोखंडी स्पर आल्यावर तीही वाट बंद झाली.

डिफचा तुटलेला गिअर पाहिला तर दातांवर घासल्याच्या खुणा बाहेरच्या एक तृतीयांश भागातच होत्या. लहान-मोठा गिअर पूर्ण दाताने भिडतच नव्हते. कारखान्यातून शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) कमी आणि प्लॅस्टिकचं डिफ-घर भाराखाली फाकणारं. अशा घरात धातूचे गिअर टाकून उपयोग नाही, फाकणं तेवढंच राहतं. फक्त नंतर दाताऐवजी दुसरं काहीतरी जातं.

दुरुस्ती

टायर आधी उतरवले. त्यांच्या जागी १२२ मिमीचे, १२ मिमी षटकोनावर थेट बसणारे. ॲडॉप्टर दर चाकाला ८ मिमी बाहेर ढकलत होते. तेवढ्याने हबच्या बेअरिंगवर आणि स्टिअरिंग सर्व्होवर पडणारा तरफेचा जोर वाढतो. सर्व्होचे दात आधीच कुरकुरत होते, टायर बदलल्यावर तो आवाज गेला.

गिअरिंगसाठी ५० दातांचा स्पर आणि १२ चा पिनियन ठरला. ५० भागिले १२, गुणिले २.८५, म्हणजे ११.८६. घेर ३८३ मिमी. एका फेऱ्याला ३२.३ मिमी. बॅटरी २ सेलची, ७.४ व्होल्ट, मिनिटाला २८,८६० फेरे. कागदावर ताशी ५६ किमी, प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीस मिळतो. मॉन्स्टर ट्रकला मैदानावर तेवढा वेग भरपूर आहे, त्याच्यापुढे तो सरळ कमी आणि उलटा जास्त चालतो. आधीच्या ६२.३ शी तुलना केली तर तेवढ्याच ओढीला वाइंडिंगमधली उष्णता साधारण २७ टक्क्यांवर येते.

स्पर पुन्हा प्लॅस्टिकचाच, मुद्दाम. हा गिअर स्वस्त आहे आणि पाच स्क्रू सोडवले की बदलतो. तुटायचंच असेल तर त्यानेच तुटावं. ५० दातांचा स्पर ४४ च्या मानाने त्रिज्येत २.४ मिमी मोठा असतो, त्यामुळे गिअरचं झाकण आतून कानसून घ्यावं लागलं. ते न करता झाकण दाबून बसवलं तर स्पर झाकणाला घासतो आणि पुन्हा ‘मोटर तापते’ ही तक्रार सुरू.

पिनियनला अडचण आली. बाजारात मिळालेला १२ दातांचा ५ मिमी भोकाचा होता आणि या मोटरचा शाफ्ट ३.१७ मिमी. बुश घालून काम भागवलं तर पिनियन डुलतो. अंबडच्या एका टूलरूममध्ये वायरकटवर ०.८ मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) पिनियन कापून घेतला. “भाऊ, एमएसमध्ये देऊ का? लवकर होईल,” असं विचारलं जातंच. नको. माइल्ड स्टीलचे दात धुळीत लवकर झिजून धारदार होतात आणि नायलॉनचा स्पर कातरतात. ईएन-२४ या पोलादात, कडक करून घ्यावा. इथे एक खबरदारी: ०.८ मॉड्यूल आणि ३२ पिच (दाताचं इंचांतलं माप) हे जवळजवळ सारखे असल्याने एकमेकांत चालून जातात. ०.६ मॉड्यूल आणि ४८ पिच चालत नाहीत, ते फक्त चालल्यासारखे वाटतात आणि काही बॅटऱ्या संपेपर्यंत स्पर खातात. नमुना न देता नुसता दातांचा आकडा सांगून गिअर करायला टाकू नये.

पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच आला पाहिजे, निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावून. मोटर धरणारे एम३ स्क्रू मात्र लांबीने तपासून घ्यावेत. कॅनच्या आत जास्त गेले की वाइंडिंगला टेकतात, आणि नवी मोटर पहिल्याच झटक्याला जाते. मेशसाठी वर्तमानपत्राची पट्टी दोन गिअरमध्ये घालून मोटर दाबायची, स्क्रू आवळायचे, पट्टी फिरवून बाहेर काढायची. ती नागमोडी चुरगळलेली पण न फाटलेली निघावी. स्पर थोडा लंगडा फिरतो, म्हणून चार जागी तपासावं आणि सगळ्यात घट्ट जागेवर मेश लावावा.

डिफचं घर नवं घेतलं. १३×१६×०.२ मिमीच्या शिम मोठ्या गिअरच्या मागच्या बाजूला घालून तो पिनियनकडे सरकवला. एकेक शिम घालायची, घर बंद करायचं, स्क्रू पूर्ण आवळायचे आणि हाताने फिरवायचं. स्क्रू न आवळता फिरवून काढलेला अंदाज चुकतो. इथे दोन शिम लागल्या, तिसरीला खरखर जाणवली म्हणून ती काढली. किंचित हालचाल राहिली पाहिजे, खरखर अजिबात नको. तेल पुढच्या डिफमध्ये ५०,००० सीएसटी (तेलाच्या घट्टपणाचं माप), मागच्यात २०,०००. आतली क्रॉस पिन जेमतेम बुडेल इतकंच भरायचं. काठोकाठ भरलं की गरम झाल्यावर गॅस्केटमधून बाहेर येतं. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक लावू नये, त्याने प्लॅस्टिक ठिसूळ होतं. आटे गेले असतील तर थोडा लांब स्क्रू वापरावा.

स्लिपरचा नट पूर्ण आवळून मग पाव फेरा सैल केला. तपासायची रीत: मागची दोन्ही चाकं आणि पुढचं एक चाक घट्ट धरून अंगठ्याने स्पर फिरवावा. चांगला जोर लावल्यावरच तो घसरला पाहिजे. मैदानावर निघताना पहिल्या फूट-दीड फुटात घसरण्याचा आवाज यावा, पुढे नाही.

बेअरिंग सगळी बदलली. ५×११×४ आणि १०×१५×४ ही मापं. नाशिकच्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात या छंदाचं नाव सांगून कोणी ओळखणार नाही, एमआर ११५ आणि ६७०० असे नंबर सांगावेत. ६७०० घेताना जाडी ४ मिमी आहे ना हे पाहावं, कारण त्याच नंबरात ३ मिमीही येतं. आपल्याकडच्या मातीला धातूच्या पत्र्याचं झेडझेड नको, रबर सीलचं २आरएस हवं.

बॅटरीचा कनेक्टर आणि त्याच्या ॲडॉप्टरचा जोड पूर्ण काढून ईएससीला थेट एक्सटी६० कनेक्टर लावला. ॲडॉप्टर म्हणजे आणखी एक जोड, आणि जुना पांढरा कनेक्टर एवढा करंट सोसण्यासाठी बनलेलाच नाही. ६० वॉटची सोल्डरिंगची इस्त्री, आधी वायर आणि कप वेगवेगळे कथिल लावून घेतलेले, आणि डाग देताना समोरचा जोड कनेक्टर त्यात खुपसून ठेवलेला. नाहीतर नायलॉन मऊ होऊन पिना तिरक्या होतात. ईएससीत पंच (निघतानाचा झटका) सगळ्यात कमी, कटऑफ (जिथे ईएससी मोटर थांबवतो तो व्होल्टेज) सेलला ३.३ व्होल्ट.

ॲल्युमिनियमचे आर्मही काढले. प्लॅस्टिकचा आर्म वाकून परत येतो, ॲल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो आणि तोपर्यंत झटका बल्कहेडपर्यंत, म्हणजे आर्म बसतो त्या चौकटीपर्यंत, पोचवतो.

चाचणी

मखमलाबादच्या बाजूचं मोकळं वावर, काळी माती, हवा ३४ अंश. मोटर तीच जुनी. बारा मिनिटं सलग चालवल्यावर टेपवर ६१, दोन मिनिटांनी ६८ अंश. वॉटमीटरवर मोठा झटका ४२ अँपिअर. अडखळणं गेलं. बॅटरीत परत साधारण ४००० एमएएच भरले गेले, म्हणजे ५००० ची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरली. त्यापुढे ती ओढू नये.

मूळ तेलावर उड्यांनंतर गाडी दोनदा उसळत होती, म्हणून शॉकमध्ये ४० वजनाचं, म्हणजे ५०० सीएसटीचं तेल घातलं. नाशिकच्या थंडीत तेच तेल जड पडतं, डिसेंबरनंतर ३० वजनाचं बरं. थंड सकाळी लिपो बॅटरीही सुस्त असते. बॅटरी खिशात ठेवून कोमट केली तर भाराखाली व्होल्टेज तेवढं ढासळत नाही. उन्हाळ्यात उलट काळजी: तापलेली बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जरला लावू नये, ५००० एमएएचला ५ अँपिअरपेक्षा जास्त देऊ नये, आणि आठवडाभर वापरायची नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवावी.

पावसाळ्यात चिकट काळी माती टायरला थापली जाते आणि गाडीचं गिअरिंग न बदलताही भार वाढतो. त्या चार महिन्यांत ११ चा पिनियन लावायचा आणि दर पाच मिनिटांनी टेपवर थर्मामीटर धरायचा, असं ठरलं. टायरच्या मध्यरेषेवर समोरासमोर ४ मिमीची दोन भोकं पाडली, फिरताना आतलं पाणी बाहेर फेकलं जातं. रिमवरची भोकं टेपने बंद केली. टायर रिमला चिकटवायला फेव्हिक्विक चालतं, फक्त आधी दोन्हीकडच्या कडा पेट्रोलने पुसून पूर्ण वाळवाव्यात.

३ सेलचं काय

मालकाकडे ३ सेलच्या दोन बॅटऱ्या पडून होत्या आणि त्या वापराव्यात अशी त्याची इच्छा होती. ते शक्य आहे, पण या मोटरवर नाही. २६०० केव्हीची, ३६६५ मापाची मोटर घेतली तर ११.१ गुणिले २६०० म्हणजे पुन्हा २८,८६० फेरेच येतात. गिअरिंग आहे तेच ठेवता येतं, वेग तोच, आणि त्याच ताकदीला बॅटरीकडून करंट दोन तृतीयांश लागतो. वायर, कनेक्टर, ईएससी सगळेच थंड राहतात. शाफ्ट मात्र ५ मिमीचा येऊ शकतो, तेव्हा तो बाजूला पडलेला ५ मिमी भोकाचा पिनियन कामी येईल.

१४६ मिमीचे टायर मात्र विकून टाकावेत. गिअरिंग पुरेसं खाली आणून ते फिरवता येतील, पण या गाडीचा मागचा ॲक्सल ५ मिमीच्या बेअरिंगमध्ये फिरतो आणि १:८ च्या ट्रकचा ८ मिमीच्या. हबपासून डिफच्या कपपर्यंत सगळं बदलायचं म्हटलं तर तेवढ्या पैशांत जुना १:८ चा ट्रक येतो.